थेट विचारण्याबद्दल, आणि पोलीस केसच्या भीतीबद्दल

‘आत्महत्येचा विचार येतो का, असं थेट विचारलं तर नसलेला विचार आपणच डोक्यात भरवतो’ असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. विचारल्याने विचार रुजत नाही, उलट कोंडी फुटते. कोपरखैरण्यात आमच्या मजल्यावरचा मुलगा नोकरी गेल्यापासून दोन महिने दार लावून बसला होता. एका सकाळी जिन्यात गाठून विचारलं, ‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ हातातली दुधाची पिशवी तशीच धरून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘काका, हे पहिल्यांदाच कुणी विचारलं.’ त्या रात्री त्याला एकटं ठेवलं नाही. १४४१६ वर फोन मीच लावून दिला. ही टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

इथे कुणी लिहिलं नाही ते सांगतो. त्याच्या आईला धास्ती वेगळीच होती. त्याच्याकडून आधी एकदा आत्महत्येचा प्रयत्न झाला होता, तो डॉक्टरांना कळला तर पोलीस केस होईल म्हणून ती माउली सगळं पोटात ठेवून होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतं. शिक्षा नाही, उलट उपचार आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ राहिलेलंच नाही. हे समजावल्यावर दुसऱ्या दिवशी त्या स्वतः डॉक्टरांसमोर बसल्या आणि पहिल्यापासून सगळं बोलल्या.