मदत हवी आहे : कॉल येऊन परत पाठवलं, तेव्हापासून नवरा बोलतच नाही

सायली_के :
मागच्या महिन्यात रात्री यांच्या ट्रान्सप्लांटसाठी हॉस्पिटलचा कॉल आला, धावतपळत गेलो, टेस्ट झाल्या आणि पहाटे म्हणाले घरी जा. तेव्हापासून हे गप्प. फोन मात्र बाथरूममध्येसुद्धा नेतात. काही विचारलं की "झालं ना आता" एवढंच. यांना बोलतं कसं करू? प्लीज लवकर सांगा.

पिंपळपान :
किडनी की लिव्हर? गाव कुठलं? काहीच न लिहिता लवकर काय सांगणार?

सायली_के :
किडनी हो. डायलिसिसवर आहेत म्हटलं ना. पुणे.

पिंपळपान :
कुठे म्हटलंत? असो.

सातारकर_दादा :
एका किडनीसाठी जास्तीचे पेशंट बोलावून ठेवतात. क्रॉसमॅच टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे आपलं शरीर ती किडनी नाकारेल असं दिसलं, की नंबर पुढच्याचा. मलाही परत पाठवलं होतं. स्वतःच्याच शरीराचा राग येतो. शिवाय फोनची वाट बघणं म्हणजे कुणाच्या तरी मरणाची वाट बघणं, हे डोक्यातून जात नाही आणि घरी हे बोलता येत नाही. मी बोललो ते डायलिसिसला शेजारच्या बेडवर असणाऱ्या काकांशी. बायकोशी नाही.

मावळा७ :
वहिनी, तुम्हीच द्या की. कायद्यानं बायको देऊ शकते.

सायली_के :
ब्लडग्रुप जुळत नाही. आणि हे विचारलंच नव्हतं.

मावळा७ :
मग स्वॅप करा, दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल. रांगेत झुरण्यापेक्षा बरं.

निसर्गमित्र :
रोज गव्हांकुराचा रस द्या. मन शांत होतं.

सातारकर_दादा :
डायलिसिसच्या पेशंटला डॉक्टरांना न विचारता असले रस देऊ नका! पोटॅशियम वाढलं तर हृदयावर येतं.

कोल्हापुरी_तडका :
अवयवासाठी नाव नोंदवायला त्याच राज्याचं रहिवासी असण्याची (अधिवासाची) अट काढायचं २०२३ पासून केंद्राचं धोरण आहे. परराज्यातही नाव नोंदवता येतं म्हणे.

पिंपळपान :
अहो, विचारलंय काय! सायली, झोप, जेवण कसं आहे? डायलिसिस चुकवतात का?

सायली_के :
शनिवारी गेलेच नाहीत. कंटाळा आला म्हणाले.

सातारकर_दादा :
हे आधी सांगायचं ना! आत्ताच युनिटला फोन करून पुढची वेळ घ्या. दम लागला, छातीत धडधडलं तर थेट कॅज्युअल्टी. नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) या गप्प राहण्याबद्दलही सांगा, ते समुपदेशकाकडे पाठवतील. झोपेची गोळी परस्पर देऊ नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

सायली_के :
माझ्याशी बोलत नाहीत, तिथे काय बोलणार?

सातारकर_दादा :
तुम्ही करा फोन. स्वतःसाठी.

निसर्गमित्र :
पोटॅशियमचा पुरावा द्या.

सायली_के :
युनिटला लावला. उद्या सकाळची वेळ दिलीय.