घडी बसलेले पोळीभाजी केंद्र विकत घ्यावे की नवे सुरू करावे?

कर्वेनगरवासी

नमस्कार. चौदा वर्षे एका कारखान्याच्या उपाहारगृहाची खरेदी आणि हिशेब सांभाळल्यानंतर मी नोकरी सोडली असून आता स्वतःचे पोळीभाजी केंद्र चालवायचे ठरवले आहे. घरापासून दहा मिनिटांवर एक केंद्र नऊ वर्षांपासून चालू आहे. ते चालवणारे काका-काकू मुलाकडे बंगळुरूला जाणार असल्यामुळे भांडी, शेगड्या, फ्रीज, नाव आणि गिऱ्हाईक असे सगळे मिळून १४ लाखांना द्यायला तयार आहेत. रोज ८०० पोळ्या जातात, गल्ला सरासरी १२ हजारांचा होतो आणि खर्च वजा जाता महिन्याला ६० हजार उरतात, असे ते सांगतात. गाळा भाड्याचा आहे. जीएसटी क्रमांक नाही. आपल्या धंद्याला तो लागत नाही, असे काकांचे म्हणणे आहे.

नवे केंद्र काढले तर गाळ्याच्या अनामत रकमेसह ७ ते ८ लाखांत काम होईल असा माझा अंदाज आहे, परंतु पहिले सहा-आठ महिने पदरचे घालावे लागतील. यजमान म्हणतात, बसलेली घडी घ्यावी. सासूबाई म्हणतात, दुसऱ्याच्या हातची चव विकत मिळत नसते. दोघांचेही पटते, हीच अडचण आहे. ज्यांनी असा निर्णय घेतला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पेठेतला दुकानदार

ताई, मी २०१६ मध्ये पेठेतले एक चालू स्टेशनरीचे दुकान विकत घेतले होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. विकणाऱ्या गृहस्थांनी वह्यांत दाखवलेली विक्री खरी होती, पण तिचा निम्मा भाग दोन शिकवणी वर्गांच्या घाऊक मागणीचा होता आणि ती मागणी दुकानाला नव्हे, तर त्या गृहस्थांच्या ओळखीला मिळत होती. पुढच्या जूनमध्ये त्यांच्या भाच्याने त्याच गल्लीच्या तोंडाशी दुकान थाटले आणि दोन्ही वर्ग तिकडे गेले. मी मात्र नावाचे पैसे मोजून बसलो होतो. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार धंदा न करण्याची अट एरवी निरर्थक ठरते, पण नावलौकिकासह धंदा विकला असेल तर ठरावीक परिसरात तोच धंदा न करण्याची वाजवी अट विकणाऱ्यावर घालता येते, हे मला नंतर कळले. आपण ती आधीच लिहून घ्यावी.

दुसरी गोष्ट ६० हजारांची. काका आणि काकू पहाटेपासून स्वतः राबतात आणि त्यांचा पगार खर्चात कुठेच धरलेला नसतो. त्या दोघांच्या जागी माणसे ठेवायची म्हटली तर ४० हजार तरी जातील, म्हणजे धंद्याची स्वतःची कमाई २० हजार, वर्षाची २ लाख ४० हजार. १४ लाख वसूल व्हायला जवळजवळ सहा वर्षे! तुम्ही स्वतः उभ्या राहाल हे खरे, पण ती तुमची मजुरी झाली. ती विकत घ्यायला पैसे कशाला मोजायचे?

विक्री तोंडी ऐकू नका, कणीक मोजा. एक किलो कणकेत आपल्याकडच्या घडीच्या साधारण तीस पोळ्या होतात. रोजच्या ८०० पोळ्यांना सत्तावीस किलो, म्हणजे सव्वीस दिवसांना सुमारे ७०० किलो, तीस किलोची तेवीस पोती. गिरणीवाल्याची किंवा दुकानदाराची सहा महिन्यांची बिले मागा. गल्ला कुणीही फुगवून सांगेल. पोती फुगवता येत नाहीत.

कर सल्लागार, कोथरूड

जीएसटीबाबत काकांच्या सांगण्यात विसंगती आहे. दिवसाला १२ हजार आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले तर वर्षाची उलाढाल ३७ लाखांच्या पुढे जाते. शिजवलेले जेवण बांधून देणे ही उपाहारगृह सेवाच मानली जाते आणि महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे. त्यामुळे एक तर विक्री फुगवून सांगितली आहे किंवा कर बुडवला आहे. दुसरे खरे असेल तर जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार हस्तांतरणाच्या दिवसापर्यंतच्या करासाठी विकणाऱ्याबरोबर घेणाराही जबाबदार धरला जातो, मग त्या कराची आकारणी पुढे कधी का होईना. जुनी देणी विकणाऱ्याची राहतील, असे करारात लिहिल्याने सरकारचे हात बांधले जात नाहीत. काही रक्कम राखून ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स करार काकांच्या नावावर असणार. तो त्यांना तुमच्या नावे करून देता येत नाही. गाळामालकाशी तुमचा नवा, नोंदणीकृत करारच व्हावा लागेल. त्यांनी भाडे वाढवले किंवा अकरा महिन्यांपलीकडची हमी दिली नाही, तर १४ लाखांत तुम्ही नेमके काय घेतले, हा प्रश्न उरतो. म्हणून पहिली भेट गाळामालकाची घ्यावी. अन्न परवानाही तुमच्या नावे नव्याने काढावा लागेल.

सिंहगड रोडवरची ताई

मी २०२१ मध्ये नवे केंद्र सुरू केले, तरीही विकत घेण्याच्या बाजूने लिहिते आहे. शेगड्या आणि भांडी आठवड्यात येतात. मला पाच महिने लागले ते धूर बाहेर काढायच्या वाटेसाठी. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला फोडणीचा वास चालेना, सोसायटीने तीनदा पत्र दिले, शेवटी गच्चीपर्यंत पत्र्याचे नळकांडे नेले तेव्हा ८५ हजार गेले आणि तोवर भाडे चालूच होते. नऊ वर्षे ज्या गाळ्यात फोडणी पडते आहे आणि कुणाची तक्रार नाही, त्या जागेची किंमत कागदावर दिसत नाही.

तसेच पोळ्या करणाऱ्या मावशी. त्या राहणार असतील तर सासूबाईंच्या शंकेला उत्तर आहे, कारण चव काकूंच्या नव्हे, मावशींच्या हातची असते. त्यांच्याशी काकूंच्या देखत नको, एकटीने बोला.

नवे काढायचेच ठरले तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी जरूर करावी. त्यात शहरातील महिलांना प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदानाची तरतूद आहे, पण ती फक्त नव्या उद्योगासाठी. चालू धंदा विकत घेतला तर मिळत नाही.

कर्वेनगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी बिले दाखवायला आठवडा लावला. सहा महिन्यांची सरासरी सोळा पोती निघाली, म्हणजे दिवसाला साडेपाचशेच्या आसपास पोळ्या. मे महिन्यात मुलींची वसतिगृहे रिकामी झाली तेव्हा तर अकराच. काकांना विचारले तर ते म्हणाले, आठशे गणपतीत जातात. गाळामालकांनी भाडे दहा टक्के वाढवून तीन वर्षांचा करार करायची तयारी दाखवली आहे.

त्यानुसार मी साडेसहा लाख देऊ केले आहेत: चार लाख ताब्याच्या दिवशी आणि उरलेले वर्षभराने, जुनी देणी निघाली नाहीत तर. जीएसटीची नोंदणी मी पहिल्या दिवसापासून माझ्या नावे करणार आहे. परिसरात दुसरे केंद्र न काढण्याची अट काकांना मान्य आहे, काकूंनी दोन महिने येऊन बसावे ही अजून नाही. दोन्ही मावशींना मी त्यांच्या घरी जाऊन भेटले. पगाराबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. सकाळी साडेसहाऐवजी सातला यायला चालेल का, एवढेच विचारले, कारण धाकटीच्या मुलीची शाळेची रिक्षा पावणेसातला येते. मी हो म्हटले आहे. काका गुरुवारी कळवणार आहेत. तोवर डहाणूकर कॉलनीतला एक रिकामा गाळाही पाहून ठेवला आहे, आणि पाहताना आधी मान वर करून धुराची वाट शोधली.