मंडळाच्या संकेतस्थळावरील वधू-वर नोंदणी आणि गोपनीयता धोरण

रामबागकर (इंदूर)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातील एका मराठी मंडळाच्या संकेतस्थळाचे नूतनीकरण चालू असून त्यासाठी गोपनीयता धोरण लिहिण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले आहे. संकेतस्थळ करणाऱ्या तरुणाने तयार मसुदा म्हणून जो इंग्रजी मजकूर आणून दिला, तो कुठल्यातरी खरेदीच्या संकेतस्थळावरून उचललेला आहे, हे त्यातील मालाची पोच आणि पैशांचा परतावा यांविषयीचे परिच्छेद वाचताच कळते. मंडळ काही विकत नाही. तरीही "तळाशी दुवा दिसला म्हणजे झाले, उघडून वाचतो कोण?" असेच बहुतेकांचे मत पडले.

विषय तिथेच मिटला असता. पण त्याच बैठकीत एका सभासदांनी सांगितले की, त्यांच्या मुलीचे नाव गूगलवर शोधले की आमच्या वधू-वर विभागातील तिचा बायोडेटा आजही वर येतो. त्यात जन्मवेळ, पगार, घरचा पत्ता, वडिलांचा मोबाईल क्रमांक असे सर्व काही आहे, आणि मुलीचे लग्न तर केव्हाच झाले आहे.

धोरणात नेमके काय लिहावे, छोट्या मंडळाला कायदा लागू होतो का, मजकूर मराठीत चालेल का आणि जुन्या नोंदींचे काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

सर्व्हरवाला (वडोदरा)

धोरण लिहायला बसण्यापूर्वी आपले संकेतस्थळ प्रत्यक्षात काय काय गोळा करते, ते कागदावर उतरवून काढा. उसना मसुदा त्रासदायक ठरतो तो याच कारणाने, कारण तो दुसऱ्याच कुणाच्या तरी संकेतस्थळाचे वर्णन करतो.

कुणीही पान उघडले की सर्व्हरच्या नोंदवहीत त्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील त्याच्या जोडणीचा क्रमांक), वेळ, मागितलेले पान आणि ब्राउझरचा प्रकार यांची नोंद आपोआप पडते. ही नोंद किती दिवस ठेवली जाते, हे ज्या कंपनीकडून जागा भाड्याने घेतली आहे तिला विचारून तोच आकडा धोरणात लिहावा. त्यानंतर ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्सचा नेटवर्क विभाग उघडून मंडळाचे मुखपृष्ठ एकदा लोड करून पाहा. कार्यक्रमांचे यूट्यूब व्हिडिओ, कार्यालयाचा नकाशा, बाहेरून मागवलेला फॉन्ट आणि भेटी मोजणारी सेवा यांपैकी जे जे लावलेले असेल, त्या प्रत्येकाच्या सर्व्हरकडे वाचकाचा आयपी पत्ता जाताना तिथे दिसेल, आणि त्यांतील काहीजण आपली कुकी, म्हणजे वाचकाला पुढच्या वेळी ओळखण्यासाठी त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंदही ठेवून जातात. ज्याची गरज नाही ते काढून टाकावे. जे उरेल त्याचा नावासह उल्लेख करावा.

मात्र आपल्या बाबतीत कुकी ही किरकोळ गोष्ट आहे. खरा धोका बायोडेटांचा. संकेतस्थळ वर्डप्रेस या तयार प्रणालीवर असेल, तर पानाला पासवर्ड लावल्यानेही काम भागत नाही, कारण अपलोड केलेल्या पीडीएफ आणि छायाचित्रे वर्ष-महिन्याच्या फोल्डरांत पडून असतात आणि थेट दुवा हाती असलेल्या कुणालाही त्या उघडता येतात. दुव्याच्या शेवटी नोंदणी क्रमांक असेल, तर तो एकाने वाढवून पुढचा बायोडेटा उघडतो का, हेही तपासावे. शोधयंत्रांसाठी सूचना लिहिलेल्या रोबोट्स फाइलमध्ये मनाई लिहून निश्चिंत राहू नये; ती केवळ विनंती असते आणि सभ्य शोधयंत्रेच ती मानतात.

आणखी एक. बायोडेटातील 'मामेकुळ' हा रकाना आपल्याला निरुपद्रवी वाटतो, पण आईचे माहेरचे आडनाव हा ओळख पटवण्यासाठी विचारला जाणारा जुना प्रश्न आहे. त्याच कागदावर जन्मतारीख आणि मोबाईल क्रमांकही असला, तर बँकेच्या नावाने फोन करणाऱ्या भामट्याला आणखी काही शोधावे लागत नाही.

लष्करातील वकील (ग्वाल्हेर)

कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. त्यानंतर आलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी ऑगस्ट 2023 मध्ये झाली, नियम मात्र नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. सूचना, संमती आणि सुरक्षा यांविषयीच्या मुख्य तरतुदींसाठी तिथून 18 महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे 2027 पर्यंत तयारी पूर्ण हवी.

"आपले घरगुती मंडळ आहे, आपल्याला कोण विचारतो" हा युक्तिवाद टिकणारा नाही. घरगुती कामाची सूट एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या खासगी कारणासाठी ठेवलेल्या माहितीपुरती आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत नोंदणी असलेल्या वा नसलेल्या व्यक्तिसमूहाचाही समावेश होतो. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती कमाल मर्यादा असून दंड ठरवताना चुकीचे स्वरूप आणि गांभीर्य पाहिले जाते, तेव्हा या आकड्याने कार्यकारिणीला घाबरवू नका. पण बैठकीत तो एकदा वाचून अवश्य दाखवा.

भाषेची चिंता नको. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय लोकांना द्यावा लागतो, आणि त्या 22 भाषांत मराठी आहेच.

दोन गोष्टींकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पहिली म्हणजे संमती कोणाची. आपल्याकडे अर्ज भरतात वडील नाहीतर काका, सही त्यांची आणि माहिती पंचविशीतल्या मुलीची. सज्ञान मुलीची संमती तिनेच द्यावी लागते. ती ज्या कामासाठी दिली तेवढ्यापुरतीच चालते, त्यामुळे त्याच यादीवर एखाद्या सभासदाच्या विमा व्यवसायाची जाहिरात पाठवणे बसत नाही. शिवाय संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. दुसरी गोष्ट गुणवंतांच्या सत्काराची. दहावीच्या मुलांची छायाचित्रे, शाळा आणि टक्के आपण हौसेने झळकवतो. 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक आहे.

सुलूमावशी (इंदूर)

मी अनेक वर्षे वधू-वर सूचक विभागाची वही सांभाळली आहे, म्हणून थोडे लिहिते. संगणक नव्हता तेव्हा वहीत नाव असे, पण पाहायला येणाऱ्यांना क्रमांकच दाखवला जाई, आणि दोन्ही घरे उत्सुक आहेत असे कळल्यावरच पत्ता मिळे. ही शिस्त संकेतस्थळ आले तेव्हा कुणी मुद्दाम मोडली नाही. "सगळे एकदम टाकून द्या, लोकांचा वेळ वाचेल" असे म्हणता म्हणता ती सुटली.

आता कार्यकारिणीत पहिला आक्षेप येईल तो पत्रिकेचा, की जन्मवेळ दिली नाही तर कोणी विचारणारच नाही. त्यावर उत्तर आहे. छत्तीस गुणांचे मेलन चंद्राची रास, नक्षत्र आणि चरण यांवरून होते, गण आणि नाडीही त्यातूनच निघतात. तेव्हा एवढेच छापावे, गोत्र लिहावे, मंगळ आहे की नाही ते लिहावे आणि जन्माचे केवळ वर्ष द्यावे. तारीख, वेळ आणि गाव पुढच्या टप्प्यावर, समोरच्या घराची चौकशी झाल्यानंतर. पगाराच्या जागी शिक्षण आणि नोकरीचे क्षेत्र पुरे. भावंडांची नावे आणि त्यांच्या कंपन्या कशाला हव्यात, हे मला आजवर उमगलेले नाही. त्यांना तर कुणी विचारलेलेही नसते.

नोंदीला एक वर्षाची मुदत ठेवा. वर्ष संपल्यावर फोन करून विचारायचे, उत्तर आले नाही तर नोंद उतरवायची. लग्न ठरल्यावर पेढे द्यायला येणारे पुष्कळ असतात, पण नाव काढा असे सांगायला सहसा कोणी येत नाही.

रामबागकर (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. सुलूमावशींची राशी-नक्षत्राची तोड कार्यकारिणीला नक्की पटेल. धोरणाची सुरुवात मी अशी केली आहे: "वधू-वर विभागात नाव, छायाचित्र व संपर्क क्रमांक सार्वजनिक दाखवले जात नाहीत. उमेदवाराने स्वतः संमती दिल्यावरच नोंद होते आणि एका वर्षानंतर ती काढली जाते. आपली माहिती आमच्याकडे पूर्णपणे सुरक्षित आहे." जुन्या नोंदींचा प्रश्न मात्र उरतो.

सर्व्हरवाला (वडोदरा)

शेवटचे वाक्य काढा. ते कोणीच प्रामाणिकपणे लिहू शकत नाही. त्याऐवजी नोंदी पाहण्याचा अधिकार मंडळातील कोणत्या पदाधिकाऱ्यांना आहे आणि तक्रार कोणत्या ईमेलवर करायची, ते लिहा. एखाद्या सदस्याने बायोडेटाचे चित्र काढून व्हॉट्सॲपवर पुढे पाठवले, तर ते मंडळाला परत घेता येणार नाही, हेही स्पष्ट शब्दांत सांगा, म्हणजे छायाचित्र द्यायचे की नाही ते उमेदवार विचार करून ठरवेल.

जुन्या नोंदींसाठी धोरणाची वाट पाहू नका. आधी मूळ फायली सर्व्हरवरून पुसा, नुसता पानावरचा दुवा काढून उपयोग नाही. दुवा उघडल्यावर 404, म्हणजे 'पान सापडले नाही' असा संदेश दिसू लागला, की गूगलच्या कालबाह्य मजकूर हटवण्याच्या पानावर प्रत्येक दुवा टाकून विनंती करा. त्यासाठी संकेतस्थळाचा मालक असण्याची अट नाही, त्यामुळे त्या मुलीचे वडीलही हे करू शकतील. मात्र फाइल आधी मंडळानेच पुसलेली हवी. सर्व्हरच्या बॅकअपमध्ये त्याच फायली असतात, तेव्हा त्या किती दिवसांनी नष्ट होतात, तेही जागा देणाऱ्या कंपनीला विचारून घ्या.