जुन्या इंग्रजी बाराबोर दुनळीत आजची काडतुसे चालतील का?

आमराई:
नमस्कार. आजोबांची बर्मिंगहॅमची बाराबोर दुनळी वारसाहक्काने रीतसर माझ्या शेतीसंरक्षण परवान्यावर आली आहे. नळ्यांवर तपकिरी, लाटांसारखी नक्षी असून चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसते त्या भागाजवळ, मुकुटाचे शिक्के आणि ‘नॉट फॉर बॉल’ अशी अक्षरे आहेत. ‘नायट्रो’ हा शब्द कुठेही नाही. विक्रेत्याकडचे ७० मिमीचे काडतूस अलगद बसते आणि बंदूक व्यवस्थित मिटते. डुकरांना पिटाळण्यासाठी आवाजापुरते बार काढायचे आहेत. ही काडतुसे वापरावीत का? पेटीत जुनी कागदी काडतुसेही आहेत.

जुनानेम:
काडतूस बसले म्हणजे ते त्या बंदुकीचे झाले, असे कृपया समजू नका. बाराबोर काडतुसावर लिहिलेली लांबी बार झाल्यावर तोंड उलगडलेल्या नळकांडीची असते. दुमडलेल्या तोंडाचे ७० मिमीचे नवे काडतूस प्रत्यक्षात ६० मिमीच्या आतच भरते, म्हणून त्या काळच्या ६५ मिमी चेंबरमध्येही ते निमूटपणे जाते. बार उडताना मात्र त्याचे तोंड चेंबर संपून नळी जिथे अरुंद होत जाते तिथे उलगडते, डाट (दारू आणि छर्रे यांमधला बोळा) आणि छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. त्यामुळे आधी चेंबरची लांबी गेज लावून मोजून घ्यावी.

‘नॉट फॉर बॉल’ हा शिक्का १८७५ ते १८८७ या काळातला असून नळीला चोक आहे, म्हणजे तिचे तोंड किंचित अरुंद आहे आणि त्यातून गोळी मारू नये, एवढेच तो सांगतो. त्या वेळची नळीच्या ताकदीची चाचणी काळ्या दारूची होती आणि पुढे बिनधुराच्या (नायट्रो) दारूसाठी पुन्हा चाचणी झाली असती, तर तिचा वेगळा शिक्का दिसला असता. तो नसेल तर आजचे कोणतेही कारखानी काडतूस, खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे असो वा परदेशी, या नळीत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमराई:
सविस्तर उत्तराबद्दल आभार. कमी छर्ऱ्यांचे, हलका धक्का देणारे काडतूस घेतले तर?

जुनानेम:
धक्क्यावरून दाबाचा अंदाज बांधता येत नाही. २४ किंवा २८ ग्रॅमच्या नेमबाजीच्या काडतुसात भरभर जळणारी दारू असू शकते आणि खांद्याला सौम्य वाटणाऱ्या बारातही दाबाचा कळस उंच असू शकतो. शिवाय ६५ मिमीचे काडतूस मिळाले तरी त्याने फक्त लांबीचा प्रश्न सुटतो. दारू बिनधुराचीच राहते.

गेजवाला:
वरील मताशी सहमत आहे. तपकिरी नक्षी दमास्कस नळीची असावी. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून आणि ठोकून ती घडवतात. जोडांत गंज शिरला असेल तर बाहेरून चकचकीत नळीही आतून खंगलेली असू शकते. शिक्क्यावर विसंबूनही भागत नाही, कारण घासूनपुसून नळीचा व्यास वाढलेला असतो. परवानाधारक बंदूक कारागिराकडून आतील व्यास आणि भिंतीची जाडी अनेक ठिकाणी मोजून घ्या. चेंबर कोरून ७० मिमी करून देतो, असे तो म्हणाला तर साफ नकार द्या. जिथे सर्वाधिक जाडी हवी तिथलेच धातू त्यात कमी होते.

काळ्या दारूची काडतुसे घरी भरण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, हे ध्यानात असावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतरही एका व्यक्तीला दोन शस्त्रे ठेवता येतात. तेव्हा पिटाळणीसाठी आजच्या काडतुसांच्या जोगती एखादी भारतीय एकनळी परवान्यावर घ्यावी आणि ही दुनळी आजोबांची आठवण म्हणून जपावी.

पाणंद:
कागदी काडतुसांबद्दल कोणीच बोलले नाही. दमट हवेत कागद फुगतो, टोपी (दारू पेटवणारा बुडाचा भाग) मंदावते आणि बार फुसका निघून डाट नळीतच अडकू शकतो. मागून दुसरा बार काढला तर नळी फुटते. ती काडतुसे विक्रेत्याकडे जमा करा. त्यांत चुकून एखादे वीस बोरचे, म्हणजे बारापेक्षा बारीक, आहे का, तेही पाहावे, कारण ते बाराबोर नळीत पुढे सरकून अडकते आणि मागे बाराचे काडतूस खुशाल बसते. पुढे कोणतीही बंदूक घेतलीत तरी बार दबका वाटताच ती उघडून, रिकामी करून, नळीतून आरपार उजेड दिसतो का, ते आधी तपासावे.