व्यायाम-शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी: मदत हवी आहे (तातडीने)

छावणीकर_ग्वाल्हेर: मला खेळविज्ञानात प्रयोगशाळेतलं संशोधन करायचंय आणि पुढे कॉलेजात शिकवायचंय. एलएनआयपीई (इथली शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था) घरापासून रिक्षाच्या अंतरावर, म्हणून घरचे म्हणतात इथेच कर. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) फिजिकल एज्युकेशनमधून दिली तर चालेल का? की आधी पीएचडी? पीएचडीच्या फॉर्मची मुदत सोमवारी संपतेय. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज.

राजवाडा_इंदूर: मास्टर्स कशात? एमपीएड (शारीरिक शिक्षण) की एमएस्सी? टक्के? वय? हे नसताना काय सांगणार?

धावपटू७१: बारा मिनिटांच्या धावण्याची तयारी आजपासून करा. तिशीपर्यंत पुरुषांना १८०० मीटर. महिलांना आठ मिनिटांत १००० मीटर. भले भले यातच अडकतात.

राजवाडा_इंदूर: ती चाचणी शारीरिक शिक्षण संचालकांच्या पदांना, असिस्टंट प्रोफेसरला नाही. ताईंना घाबरवू नका.

बडोदेकर: प्रयोगशाळेचा एवढा हट्ट कशाला? आमच्याकडे जुम्मादादा व्यायाममंदिर आहे, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. मल्लखांब, कुस्ती, जोर-बैठका यांवर काम करा. ट्रेडमिलवरच्या माणसाला तोंडाला मास्क लावून काय कळणार?

फिजिओ_पुणे: काका, मल्लखांबपटू किती ऑक्सिजन वापरतो हे कळायला तोच मास्क लागतो. विषय आखाड्यातला घ्या, पण मोजणार कशाने?

बडोदेकर: वस्तादाला डोळ्यांनी कळतं.

फिजिओ_पुणे: वस्तादाला कळतं हे मान्य. पण शोधनिबंधात आकडा द्यावा लागतो.

छावणीकर_ग्वाल्हेर: एमपीटी (फिजिओथेरपीतली मास्टर्स) स्पोर्ट्स, ५८ टक्के, वय २९. सध्या क्लिनिकमध्ये आहे.

धावपटू७१: २९? मग जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, गेलीच. तीसची अट आहे.

फिजिओ_पुणे: महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० आणि घरभाडं. ती आशा सोडू नका.

ताई, एमपीटी हे आधी लिहायला हवं होतं, कारण सगळं त्यावरच अडतं. पीएचडी व्यायाम-शरीरक्रियाशास्त्रात झाली तरी मास्टर्स एमपीटीच राहणार. शारीरिक शिक्षणाच्या जागेला बहुतेक जाहिरातींत त्याच विषयाची मास्टर्स मागतात, ५५ टक्क्यांसह, आणि छाननीत टेबलावरचा कारकून ओळ न ओळ बघतो. फिजिओथेरपी कॉलेजात मात्र एमपीटी हाच पाया. आधी कुठे शिकवायचंय ते ठरवा आणि तशा जागांच्या जुन्या जाहिराती काढून पात्रतेची ओळ वाचा. नेटला तुमची मास्टर्स कोणत्या विषयात बसते, तेही माहितीपत्रकातच बघा. जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) ही किमान अट आहे.

गाईड निवडताना घराचं अंतर बघू नका. त्यांच्या हाताखालच्या मुलांना एकटं गाठा. श्वासातले वायू मोजणारा गॅस ॲनलायझर चालू आहे का, तो पडताळायचे (कॅलिब्रेशनचे) सिलिंडर वेळेवर येतात का, माणसांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी एथिक्स कमिटी किती महिन्यांनी बसते, हे त्यांनाच माहीत असतं. शिवाय खेळाडू कुठून येणार? स्पर्धांच्या हंगामात कोणी प्रशिक्षक आपला मुलगा दमेपर्यंत पळवायला देत नाही. मग आठ-दहा जणांवर थिसिस उभा राहतो आणि परीक्षक तिथेच बोट ठेवतात. हॉस्टेलातच खेळाडू असलेली संस्था या बाबतीत सोयीची, तेव्हा घरच्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

राजवाडा_इंदूर: सहमत. फक्त एक, नोकरी लगेच सोडू नका.

बडोदेकर: ग्वाल्हेर म्हणजे कॅप्टन रूपसिंगांचं गाव! १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीत भारताने अमेरिकेला २४-१ ने हरवलं, त्यातले दहा गोल त्यांचे. त्या काळात कुठे होतं तुमचं व्हीओटू मॅक्स, ते कमाल ऑक्सिजन वापराचं माप?

फिजिओ_पुणे: होतं की. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हिल यांनी ती कल्पना १९२० च्या दशकातच मांडली.

छावणीकर_ग्वाल्हेर: फिजिओ ताई/दादा, खूप आभार. मला फिजिओ कॉलेजातही चालेल, ते लिहायचं राहिलं. उद्या विभागात जाऊन एमपीटी घेतात का ते विचारते. घेत नसतील तर या सोमवारचा फॉर्म भरत नाही.

नवी_खेळाडू: माझं बीपीटीचं (फिजिओथेरपीच्या पदवीचं) शेवटचं वर्ष आहे. मी एमपीटी न करता एमएस्सी केली तर चालेल का?

राजवाडा_इंदूर: कुठे शिकवायचंय?