मदत हवी आहे - गाडीची रिमोट चावी हरवली, साताऱ्यात स्वस्तात कुठं होईल?

नमस्कार मंडळी, रविवारी आईला घेऊन सज्जनगडला गेलो होतो, पायऱ्या उतरताना कुठंतरी खिशातनं चावी पडली, दोन वेळा वरखाली करून बघितलं पण नाही गावली. नशीब भावानं घरनं दुसरी चावी आणून दिली म्हणून गाडी खाली आली, नाहीतर आईचे गुडघे दुखतात, तिला घेऊन कुठं बसलो असतो.

आता ही दुसरी चावी साधी आहे, बटणं नाहीत पण आत चिप आहे त्यामुळं गाडी चालू होते. शोरूमला विचारलं तर साडेअकरा हजार आणि वर पंधरा दिवस थांबा म्हणाले, एवढे पैसे एका चावीला द्यायचं जिवावर येतंय हो.

पोवई नाका किंवा राजवाड्याच्या बाजूला चिपवाली चावी बनवणारा खात्रीचा माणूस कुणाला माहितीय का? नुसतं पातं कापून चालत नाही, स्टेअरिंगखालच्या सॉकेटला मशीन लावून चिप गाडीला ओळखीची करून द्यावी लागते, आणि हरवलेली चावी मेमरीतनं काढून पण टाकायचीय, कुणाला सापडली तर रात्री झोप लागायची नाही. बाहेरनं रिमोट घेतलेल्यांनो, किती खर्च आला आणि टिकला का तेवढं सांगा.

इन्शुरन्समध्ये चावीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, ते मी घेतलं नव्हतं. कराड किंवा वाईला कुणी असेल तरी येतो.