बी विंग तिसरा मजला: बॅटरी आणि घूं घूं

बी-३०३ काकू: तिसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारी गाडीची बॅटरी ठेवलीये, तिला चिमटे लावलेत आणि वायर दाराखालून आत गेलीये. कोणाची ते सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही. काल रात्री परत भिंतीतून घूं घूं. गाणं असतं तरी समजलं असतं, नुसतीच घूं. मागच्या वेळी मी गप्प बसले होते.

बी-३०४: नमस्कार काकू, माझीच आहे. गाडी विकताना ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, काढून घेतला होता तो घरी लावलाय. ॲम्पला बारा व्होल्ट लागतात म्हणून बॅटरी आणि ती उतरू नये म्हणून चार्जर. अकराच्या आत बंद करतो मी.

बी-३०३ काकू: अकराच्या आत म्हणजे अकराला दोन मिनिटं कमी.

बी-३०२: आधी बॅटरी पॅसेजमधून हलवा. बाकी चर्चा नंतर.

सी-२०१: गाडी गेली पण डिकी घरात आली 😄 आता त्याची पार्किंगची जागा सी विंगला द्या

सी-४०३: पार्किंगचा विषय निघालाच आहे तर माझं पत्र कमिटीने वाचलं का नाही एवढं तरी कळू द्या. दुसऱ्यांदा विचारतोय.

सेक्रेटरी: कृपया एका वेळी एकच विषय. ३०४, बॅटरी पॅसेजमध्ये का?

बी-३०४: घरात चार्जिंगला वास येतो साहेब म्हणून बाहेर ठेवली.

ए-१०१ काका: अरे वास येतो म्हणजेच गॅस निघतोय! पाणी घालायच्या बॅटरीला चार्जिंग होताना हायड्रोजन सुटतो, हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. बंद पॅसेज, त्यात चिमटे, पोरं खेळतात, कोणाच्या हातून पान्हा दोन्ही टोकांवर आडवा पडला तर लालबुंद होईल. शिवाय ही बॅटरी स्टार्टर मारण्यापुरती असते, दोन सेकंद जोर लावायचा आणि सुटायचं. रोज पूर्ण उतरवलीस तर काही महिन्यांत बसेल.

बी-३०२: आधी बॅटरी हलवा.

ए-२०४: पंप रूममध्ये ठेवा ना तात्पुरती, कुलूप आहे.

ए-१०१ काका: पंप रूममध्ये मोटरचा स्टार्टर आहे, चालू होताना ठिणगी पडते. तिथे तर मुळीच नको.

ए-२०४: बरं काका. आणि ती घूं म्हणजे ग्राउंड लूप आहे, दोन उपकरणं अर्थिंगमधूनही एकमेकांना जोडली गेली की होतो तो, लॅपटॉप लावला असेल तीन पिनचा.

ए-१०१ काका: मला चार्जर वाटतोय. स्वस्तातल्या चार्जरमधून सरळ डीसी येत नाही, आत फिल्टर नसतो, सेकंदाला शंभर लाटा येतात, त्याच ऐकू येतात. सबला तेवढंच खाद्य पुरतं.

ए-२०४: प्रत्येक वेळी चार्जरच कसा काका, मागे माझ्या इन्व्हर्टरलाही तुम्ही हेच म्हणाला होतात.

बी-३०४: चार्जर काढला की घूं बंद होते, आत्ताच बघितलं.

ए-२०४: त्याने काही सिद्ध होत नाही, चार्जर काढला की लूपही तुटतो.

बी-३०४: पण गाणी फोनवरून लागतात आणि फोन चार्जिंगला लावलेला नसतो.

ए-२०४: मग ठीके. चार्जर.

सी-२०१: एक शून्य. काका आघाडीवर.

बी-३०३ काकू: तुमचा सामना होऊ द्या, मला झोपायला किती वाजता मिळेल ते सांगा.

ए-१०१ काका: हो वहिनी तेच सांगतोय. चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून एक चांगला एसएमपीएस लावायचा, म्हणजे २३० चे सरळ बारा व्होल्ट डीसी करून देणारा सप्लाय. ॲम्प केवढा आहे रे, आरएमएस सांग, म्हणजे सतत देऊ शकतो ते वॅट, डब्यावर छापलेले हजार नको.

बी-३०४: चारशे आरएमएस, क्लास डी.

ए-१०१ काका: म्हणजे वाया जाणारी वीज धरून आत पाचशे वॅट जाणार, बाराचा सप्लाय प्रत्यक्षात देतो त्या १३.८ व्होल्टला भागलेस तर ३६ अँपिअर. जास्त वीज वाया घालवणारा क्लास एबी असता तर पन्नाशी ओलांडली असती. गाण्यात सरासरी याच्या बरीच खाली राहते पण ढोल पडतो त्या क्षणी तेवढे मागतो, म्हणून ४० अँपिअरचा घे. आणि बाराच्या बाजूची वायर जाड हवी, व्होल्ट कमी की तेवढ्याच वॅटला करंट जास्त. चार्जरची सुतळी वायर लावलीस तर ती गरम होऊन व्होल्ट वाटेतच पडतील. फ्यूज सप्लायजवळ टाक.

सी-४०३: एवढ्याने बी विंगचा एमसीबी उडणार नाही का? गेल्या वेळी लिफ्ट बंद पडली तेव्हा कोणी जबाबदारी घेतली नव्हती.

ए-१०१ काका: ३६ अँपिअर बाराच्या बाजूला. २३० च्या बाजूला तीनसुद्धा होत नाहीत, गीझर याच्या तिप्पट ओढतो. लिफ्टचा वेगळा विषय, तो काढू नका.

बी-३०४: जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पडलाय घरी, ४५० वॅटचा, तो चालेल? हिरवी वायर काळीला जोडली की सुरू होतो.

ए-२०४: मी तेच सांगणार होतो, मस्त चालतो.

ए-१०१ काका: सबला नाही. ४५० हे सगळ्या वायरींचे मिळून, बाराच्या पिवळ्या वायरींवर किती ते लेबल वाच.

बी-३०४: १२ व्होल्ट १८ अँपिअर.

ए-१०१ काका: दोनशे सोळा वॅट. पहिल्या दणक्याला बंद पडेल. गाडीचा स्टिरिओ आणि दोन दाराचे स्पीकर मात्र आरामात, स्टिरिओच्या वायरींतली पिवळी आणि लाल दोन्ही बाराच्या प्लसला जोड, नाहीतर दर वेळी सेटिंग विसरेल. स्टिरिओच्या निळ्या वायरवरच ॲम्प चालू होतो, ती नंतर ॲम्पवर 'रिमोट' लिहिलेल्या टोकाला जाईल.

बी-३०२: बॅटरी आधी हलवा.

बी-३०४: दादा केव्हाच हलवली, खाली उघड्यावर कठड्याशी ठेवलीये, टोकांना रबरी टोप्या लावून. उद्या बॅटरीवाल्याला देतोय.

बी-३०२: मेसेज आता बघितला. ओके.

बी-३०३ काकू: म्हणजे नवीन मशीन आलं की घूं जाईल आणि धब धब सुरू होईल, असंच ना?

ए-२०४: काकूंचा मुद्दा बरोबर आहे. सप्लाय कितीही शुद्ध लावा, सबचा ६० हर्ट्झचा जाड आवाज भिंत अडवत नाही. खाली रबर लावल्याने स्लॅबमधून जाणारं थोडं कमी होतं, हवेतून जाणारं नाही. आणि ॲम्पवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे भावा, तो येणाऱ्या सिग्नलशी जुळवायचा असतो, तू पूर्ण फिरवून ठेवलाय ना?

बी-३०४: हो… कमी करतो.

सेक्रेटरी: ठरलं असं धरतो: पॅसेजमध्ये काहीही ठेवायचं नाही, सबवूफर रात्री नऊनंतर बंद.

बी-३०३ काकू: नऊ चालेल. आणि तो डबा माझ्या भिंतीला लावलाय तो तुमच्या बाल्कनीकडे न्या.

बी-३०४: आज नेतो काकू. सप्लाय येईपर्यंत सब बंदच, नुसता स्टिरिओ.

ए-१०१ काका: सप्लाय आला की मला हाक मार, एकटा जोडू नकोस. २३० चे स्क्रू वरच असतात, झाकण कधी येतं कधी नाही. अर्थिंग मी बघतो.